खुंटीवरची किल्ली आणि अंगणातली मोटार



घरात शिरले की दाराशेजारी एक खुंटी असते. टोपी, छत्री, पिशवी आणि हल्ली मोटारीची किल्लीही तिथेच. गाडी अंगणात, किल्ली घरात, दाराला आतून कडी. मग काळजी कसली, असे आपण म्हणतो. पण किल्ली खिशात ठेवूनच उघडणारी आणि बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल, तर ही खुंटीच घात करू शकते. ते कसे, हे आज पाहू.

पूर्वीचा चोर काच फोडी आणि तारा जोडून इंजिन चालू करी. त्यावर तोड म्हणून किल्लीत एक चिप बसवू लागले. तिची ओळख पटल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. पुढे सोय वाढली. आपण दाराच्या मुठीला हात लावला की गाडी एक क्षीण रेडिओ-हाक देते. ती जेमतेम एक-दोन मीटर पोचते. किल्लीने ती ऐकली, की ती आपले गुप्त उत्तर पाठवते आणि दार उघडते.

आता शिक्षकांना पटेल असे उदाहरण घेऊ. गुरुजी हजेरी घेताहेत. नुसत्या ‘हजर’वर त्यांचे भागत नाही, प्रत्येकाला ते रोज नवे कोडे घालतात आणि त्याचे उत्तर त्या मुलालाच ठाऊक असते. गोपाळ मात्र घरी झोपला आहे. खिडकीखाली बसलेला त्याचा सोबती मोबाइलवरून कोडे त्याला ऐकवतो, गोपाळ उत्तर देतो, ते वर्गात ऐकू येते आणि गुरुजी हजेरी मांडतात. कोडे कोणी फोडले नाही, उत्तरही खोटे नाही. फक्त ते कोठून आले, एवढेच गुरुजींनी पाहिले नाही.

चोरांची जोडी हेच करते. एक जण गाडीजवळ, दुसरा यंत्र घेऊन घराच्या भिंतीजवळ. गाडीची हाक यंत्रावाटे खुंटीवरच्या किल्लीपर्यंत जाते, किल्ली इमानाने उत्तर देते, आणि किल्ली जवळच आहे असे गाडीला वाटते. काच फुटत नाही, कुत्रे भुंकेपर्यंत गाडी वेशीबाहेर. चालू झालेली गाडी किल्ली दूर राहिली म्हणून मध्येच थांबत नाही. भर रस्त्यात बंद पडून अपघात होऊ नये म्हणून तशी रचनाच असते. झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर हा प्रयोग केला आणि २०११ साली निष्कर्ष मांडला. दहाही गाड्या फसल्या होत्या.

मग उपाय काय? पहिला उपाय स्वयंपाकघरात आहे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि रात्री किल्ली त्यात ठेवा. दुसरी, जादा किल्लीही तिथेच. ती कपाटात पडून असली तरी तीसुद्धा उत्तर देतेच. धातूच्या बंद आवरणात बाहेरची विद्युत शिरत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली दाखवले होते. रेडिओच्या लहरींनाही असे आवरण अडवते. वर्गात प्रयोग करायचा तर छोटा ट्रान्झिस्टर डब्यात ठेवा. झाकण नीट बसले, की आमचे बोलणे विरते आणि नुसती खरखर उरते. मात्र कोणताही डबा चालेल असे नाही. किल्ली डब्यात घालून गाडीशेजारी उभे राहा आणि मुठीला हात लावा. दार उघडले, तर डबा बदला.

काही गाड्यांत ही आपोआप उघडण्याची सोय बंदही करता येते. माहितीपुस्तक पाहा किंवा विक्रेत्याला विचारा. काही नव्या किल्ल्या उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजून अंतर ठरवतात. म्हणजे गुरुजी आता उत्तराबरोबर घड्याळही पाहू लागले!

पण डब्याने सगळेच भागत नाही. २०२२ साली लंडनमध्ये चोरांनी एका मोटारीच्या पुढच्या दिव्याजवळच्या तारांना यंत्र जोडून, किल्लीला विचारल्यावाचूनच ती नेली. अशा वेळी जुनी लोखंडी अक्कल कामी येते. स्टिअरिंगला बाहेरून लागणारे जाड कुलूप लावा, फाटकाला साखळी घाला, गाडीचे तोंड भिंतीला लावून ठेवा. चोराला घाई असते. जिथे वेळ लागेल तिथे तो सहसा थांबत नाही.

बाजारात बटणाने गाडी बंद केलीत, तर मूठ ओढून पाहा; कोणी लहरींत अडथळा आणला असेल, तर दार उघडेच राहते. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्या आणि हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीतून पुसून घ्या. आणि एवढे करूनही गाडी गेलीच, तर तिच्या मागे धावू नका. ११२ ला फोन करा, पोलिसांत फिर्याद नोंदवा, विमा कंपनीला कळवा.

हप्ते फेडून घेतलेली गाडी म्हणजे घराची कैक वर्षांची कमाई. तेव्हा आज जेवणे आटोपली, की एकदा त्या खुंटीकडे बघा आणि किल्ली डब्यात टाका. नमस्कार.