सैल बोल्ट आणि त्याची दुरुस्ती

मोटरसायकलीच्या बाजूच्या आवरणावर हात ठेवला असता ते थरथरत असल्याचे जाणवावे आणि इंजिनाचा वेग वाढताच त्या थरथरीचा खडखडाट व्हावा, हा अनुभव नवा नाही. गाडीचा मालक पाना घेतो, बोल्ट आवळतो आणि आवाज थांबला म्हणून निश्चिंत होतो. आठ-पंधरा दिवसांनी आवाज पुन्हा सुरू होतो. पुन्हा पाना, आणि ह्या खेपेस अधिक जोर. असे तीन-चार वेळा घडले म्हणजे एके दिवशी बोल्ट नुसताच फिरत राहतो. बाजूचे आवरण रस्त्यात गळून पडले तर नुकसान पैशाचे होते. परंतु पुढच्या चाकावरील मडगार्ड एका अंगाने सुटून चाकात अडकले, तर धावते चाक जागच्या जागी थांबते आणि चालक पुढे फेकला जातो.

बोल्ट कशाच्या बळावर पकड धरतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. आटे एकमेकांत गुंतले म्हणून तो धरून राहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बोल्ट आवळला म्हणजे तो रबराप्रमाणे, अर्थात फारच थोडा, ताणला जातो, आणि मूळ लांबीवर येण्याच्या त्याच्या धडपडीतून दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. 6 मिलिमीटर व्यासाचा पोलादी बोल्ट 10 न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळला, तर त्यात सुमारे 8 हजार न्यूटन, म्हणजे साडेआठशे किलो वजन टांगल्याइतका ताण निर्माण होतो. तरीही 20 मिलिमीटर लांबीचा बोल्ट ह्या ताणाने वाढतो तो अवघा 0.04 मिलिमीटर, माणसाचा केस बहुधा ह्याहून जाड असतो. बोल्टाच्या डोक्याखालचा रंगाचा थर किंवा प्लॅस्टिक एवढेसे जरी दबले, तरी सारा ताण नाहीसा होतो. बोल्ट जागेवर दिसतो खरा, पण त्याची पकड गेलेली असते.

आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला चढ होय. वर सांगितलेल्या बोल्टाच्या आट्यावर साधारण 17 मिलिमीटर फिरावे तेव्हा 1 मिलिमीटर वर चढता येते. चढ इतका सौम्य असल्यामुळे घर्षण बोल्टाला मागे घसरू देत नाही. मग धक्क्यांनी तो सैल का होतो? गेरहार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ह्याचे उत्तर दिले. जोडलेले भाग बोल्टाच्या आडव्या दिशेने थोडे जरी सरकू लागले, तरी त्या क्षणी घर्षण त्या सरकण्याला विरोध करण्यात खर्ची पडते आणि बोल्ट उलटा फिरण्यास मोकळा होतो. प्रत्येक हेलकाव्यास तो अंशमात्र मागे येतो. इंजिन मिनिटाला हजारो हेलकावे देते. स्प्रिंग वॉशरवर अनेकांची मोठी भिस्त असते, परंतु तो थोड्याच ताणाने सपाट होतो आणि मग साध्या वॉशरहून फारसा निराळा राहत नाही.

आवरणांची अडचण अशी की, पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिक एवढा ताण सोसू शकत नाही. एबीएस जातीचे प्लॅस्टिक सतत दाबाखाली हळूहळू दबत जाते. म्हणून चांगल्या रचनेत भोकात रबरी कडे आणि त्याच्या आत धातूची लहानशी नळी बसवलेली असते. ही नळी प्लॅस्टिकच्या जाडीहून लांब, पण मोकळ्या रबरी कड्याहून किंचित आखूड असते. बोल्ट नळीवर आवळला जातो, ताण सांगाड्यावर पडतो आणि आवरण रबरात अलगद धरलेले राहते. पहिल्या दुरुस्तीतच ही नळी हरवते. ती क्षुल्लक वाटते, म्हणून कोणी तिचा शोध घेत नाही. पुष्कळ आवरणांच्या खडखडाटाचे मूळ येथेच असते. योग्य मापाची नळी पुन्हा बसवली की बहुतेक काम झाले.

कित्येक आवरणांत पितळेचा आटे असलेला तुकडा प्लॅस्टिकमध्येच रुतवलेला असतो. उन्हात तापले असता हे प्लॅस्टिक पितळेच्या सुमारे चौपट प्रसरण पावते, त्यामुळे कालांतराने तुकडा सुटतो आणि बोल्टाबरोबर गरगर फिरू लागतो. अशा वेळी जोर लावू नये. आवरणामागे पातळ स्क्रूड्रायव्हर घालून ते हलके उचलून धरावे आणि तुकड्यावर ओढ ठेवून बोल्ट सावकाश फिरवावा. तुकडा मोकळा झाल्यावर तो खरवडून स्वच्छ करावा आणि एपॉक्सीने चिकटवावा. त्याच्या आट्यांत एपॉक्सी शिरणार नाही ह्याची काळजी घ्यावी. प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीनचे असेल तर मात्र एपॉक्सी त्यास नीट धरत नाही. तेथे तापवलेले सोल्डरिंगचे अवजार तुकड्यावर टेकवून, भोवतालचे प्लॅस्टिक मऊ होताच तो सरळ दाबून बसवणे बरे.

पत्र्यातील आटे गेले असतील, आणि मागच्या बाजूस हात पोहोचत नसेल, तर रिव्हेट नट कामास येतो. विमानाच्या पंखांवर बर्फ साचू नये म्हणून लावण्यात येणारी रबरी आवरणे बसवण्यासाठी अमेरिकेतील गुडरिच कंपनीने 1930 नंतरच्या दशकात तो काढला. आटे असलेली ही नळी पुढूनच भोकात घालतात आणि अवजाराने तिचा मागचा भाग ओढतात. तो फुगून पत्र्याला मागून घट्ट कवटाळतो. 6 मिलिमीटरच्या बोल्टाच्या नटास बहुधा 9 मिलिमीटरचे भोक लागते. ते मोठे झाले तर नवा नटही फिरत राहील. ॲल्युमिनियमच्या जाड भागातील आटे गेले असल्यास त्यात नवे, मोठे आटे पाडून पोलादी तारेची गुंडाळी बसवतात; मूळ बोल्ट पुन्हा चालतो.

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांबाबत एक धोका निराळा आहे. त्यांतील पाव इंची बोल्टांवर इंचाला 26 आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर 0.98 मिलिमीटर. आजच्या 6 मिलिमीटरच्या बोल्टाचे हे अंतर 1 मिलिमीटर आहे. त्यामुळे नवा बोल्ट जुन्या नटात सहज जातो, आणि बसल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात त्याचा व्यास 0.35 मिलिमीटरने कमी असल्याने आट्यांची केवळ टोके टेकलेली असतात. थोडे आवळताच ती खरवडली जातात.

आटे जखडणारा द्रव अलीकडे सर्वत्र मिळतो. व्हर्नन क्रीबल ह्या अमेरिकन रसायनज्ञाने 1953 च्या सुमारास तो सिद्ध केला. हवेचा संपर्क तुटला आणि धातूचा स्पर्श झाला की तो घट्ट होतो. सांगाड्याच्या बोल्टांस तो उत्तम. पण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर तो सांडल्यास ताणाखालील प्लॅस्टिकला तडे जातात. आवरणाच्या बोल्टांना तो लावण्याऐवजी आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा, आणि आवळून झाल्यावर बोल्टाच्या डोक्यावरून आवरणावर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ मधेच तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला असे समजून प्रथम नळी आणि रबरी कडे तपासावे.