लोखंडाची बाराखडी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे आपल्या आयटीआयच्या कार्यशाळांवर मराठी पाट्या असतात. जोडारी, कातारी, यंत्रकारागीर, संधाता. शब्दांच्या धंद्यातला माणूस असल्याने मी या पाट्यांपुढे जरा रेंगाळतो. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, मशिनिस्टला यंत्रकारागीर आणि वेल्डरला संधाता! ज्या कोणी शासकीय माणसाने हा शेवटचा शब्द काढला, त्याला माझा सलाम. संधान बांधणारा तो संधाता. पोरे मात्र ‘वेल्डर’च म्हणतात आणि ‘मी संधाता आहे’ असे सांगून कोणाचे लग्न जमल्याचे ऐकिवात नाही.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी येते. ‘मार्क कमी पडले, टाका आता आयटीआयला.’ त्या ‘टाका’मध्येच सगळे आले. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, कातारी, यंत्रकारागीर आणि जोडारी यांचे दोन-दोन वर्षांचे. वेल्डरला तर दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो. त्यामुळे हा नापासांचा मुक्काम, असा समज घट्ट बसला आहे. तिथे नेमके काय शिकवतात, ते शिकायला किती अवघड असते आणि ते नीट शिकवले नाही तर काय होते, हे आज सांगायचे आहे.

भंडारा जिल्ह्याला धातू नवा नाही. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. उत्तरेला तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी. साठच्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी आली. पुढे वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला. पण पितळेचे शहाणपण घराघरांत होते. बापाकडून मुलाकडे जायचे, शेजाऱ्याच्या मुलाकडे नाही. स्टीलची भांडी आली, पितळेचे गिऱ्हाईक आटले आणि कितीतरी हातांतली विद्या त्या हातांबरोबरच संपली. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. त्यांनी केलेली मोठी गोष्ट माझ्या मते ही की, लोखंडाचे काम शिकायला लोहाराच्या घरी जन्मावे लागेना. धान पेरणाऱ्याचा, ढिवराचा, विडी वळणाऱ्या बाईचा मुलगाही लेथपुढे उभा राहू लागला.

तो तिथे पहिल्यांदा काय करतो? यंत्राला हातच लावत नाही. शेगड्यात लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि कानशीने घासायचा. दिवसचे दिवस घासायचा. मग गुण्या लावून तो तुकडा उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. कंटाळून काही पोरे इथेच गळतात. हे घासणे म्हणजे लोखंडाची बाराखडी. हाताचा दाब एका बाजूला कलतो, हे पोराला कानशीवर कळते. ते कळले नाही तर पुढे लेथवर काही कळत नाही.

दुसरा धडा मापाचा. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात अजून ‘सूत’ चालते, आठ सुतांचा एक इंच. दारे-खिडक्या, ट्रॅक्टरची ट्रॉली यांना सूत पुरते. यंत्राच्या भागाला नाही. तिथे मायक्रोमीटर लागतो. त्यात एक बारीक आट्यांचा स्क्रू असतो. पूर्ण एक फेरा फिरवला की तो अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. त्याच्या गोल टोपीवर ५० रेघा असतात. म्हणजे एका रेघेला अर्ध्या मिलिमीटरचा पन्नासावा भाग, ०.०१ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड. कातारी त्या केसाचेही पाच-दहा भाग करून बोलतो. ‘दोन रेघा कमी घे’ असे तो सहज म्हणतो, आणि आपल्याला ते दिसतही नाही.

लेथवर काम फिरते आणि हत्यार सरकते, मिलिंगवर हत्यार फिरते आणि काम सरकते. एवढे लक्षात ठेवले तरी कार्यशाळेत गेल्यावर बुजायला होत नाही.

आता हे सगळे कशासाठी, ते आपल्या जिल्ह्यातल्याच उदाहरणाने पाहू. आपला जिल्हा धानाचा. धान कापून झाले की राईस मिल रात्रंदिवस चालतात. ऐन हंगामात मिलचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला तर मिल बंद, आवारात पोत्यांची थप्पी आणि मालकाच्या जिवाला घोर. नवा शाफ्ट लगेच मिळत नाही. मग झिजलेल्या जागी वेल्डिंगने धातू चढवतात आणि लेथवर कातून मूळ मापाला आणतात. संधाता आणि कातारी असे एका लोखंडावर भेटतात.

वेल्डरने एकाच बाजूने सलग धातू चढवला तर उष्णतेने शाफ्ट वाकतो. म्हणून एक ओळ इकडे, तर दुसरी बरोबर समोरच्या बाजूला. शाफ्टचे पोलाद कडक जातीचे असेल तर ते आधी गरम करावे लागते आणि काम झाल्यावर हळूहळू निवू द्यावे लागते. त्यासाठी ते कोरड्या राखेत पुरतात, आणि धानाच्या मुलखात तुसाच्या राखेला काय तोटा! घाईने पाणी ओतले तर वेल्डिंगलगतचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. आणखी एक गोष्ट पावसाळ्याची. वेल्डिंगच्या रॉडवरचा लेप ओल धरतो. आर्कच्या उष्णतेत त्या ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो आणि थंड झाल्यावर आतून तडा पाडतो. हा तडा लगेच दिसतोच असे नाही, काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उघडतो. म्हणून महत्त्वाच्या कामाचे रॉड भट्टीत वाळवून घेतात. गावात रॉडचा पुडा भिंतीला टेकवून ठेवलेला पाहिला की मला चिंता वाटते.

मग शाफ्ट लेथवर. ५० मिलिमीटर भोकाचे बेअरिंग असेल तर शाफ्ट त्याहून एक-दोन शतांश मिलिमीटरने मोठा ठेवतात, म्हणजे बेअरिंग घट्ट बसते. पाच शतांशांनी लहान झाला तर बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर घसरत राहते आणि महिन्याभरात पुन्हा तीच झीज. दहा शतांशांनी मोठा झाला तर बेअरिंग दाबले जाते, तापते, जळते. केसाएवढी चूक आणि मिल बंद. हे काम करणाऱ्याला आपण ‘मार्क कमी पडलेला’ म्हणतो.

वेल्डिंगकडे जरा थांबावेसे वाटते, कारण त्यात सगळे झाकलेले असते. काळ्या काचेआड वेल्डरला दिसते ते फक्त वितळलेल्या धातूचे एवढेसे तळे. रॉडचे टोक आणि लोखंड यांत रॉडच्या जाडीइतकेच अंतर राखायचे. रॉड जळत जातो, म्हणजे हात सारखा खाली येत राहिला पाहिजे आणि त्याच वेळी पुढेही सरकला पाहिजे. अंतर घटले की रॉड चिकटतो, वाढले की थेंब उडतात. जुने निदेशक सांगतात, ‘नुसता पाहत नको राहू, आयक!’ बरोबर आर्कचा आवाज कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा येतो. फाटका, तडतडता आवाज आला की समजावे, हात हलला. हे वहीत लिहून येत नाही. त्याला रॉड जाळावे लागतात, शेकड्यांनी.

आणि वेल्डिंग चांगले झाले की वाईट, हे वरून कळत नाही. वरून माशाच्या खवल्यांसारखी सुरेख ओळ, आत मळी अडकलेली किंवा बुडापर्यंत धातू पोचलेलाच नाही, असे होते. म्हणून वेल्डरची परीक्षा तोंडी-लेखी भागत नाही. दोन पट्ट्या जोडायला देतात, त्या जोडातून चिंचोळे तुकडे कापतात आणि साच्यावर यू आकारात, पार १८० अंश वाकवतात. प्रचलित नियमांत वाकलेल्या भागावर तीन मिलिमीटरहून मोठी भेग दिसली की नापास. बॉयलर आणि दाबाच्या नळ्यांच्या कामात आंतरराष्ट्रीय नियम याहून कडक आहे. वेल्डरने सहा महिने ती पद्धत वापरली नाही तर त्याची पात्रता संपते, पुन्हा पट्टी जोडून दाखवायची. कवींना हा नियम लावला तर आमच्यातले किती उरतील, हा विचार मनात येतोच.

पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. अशा पोलादी दरवाजांच्या पत्र्या वेल्डिंगनेच जोडतात. वैनगंगेला पूर आला की पाण्याचा सगळा रेटा त्या जोडांवर येतो. वाकवून न पाहिलेला वेल्डर तिथे चालणार नाही, हे कोणालाही पटेल.

म्हणूनच झटपट अभ्यासक्रमांबद्दल मी साशंक आहे. कौशल्य भारत मोहीम १५ जुलै २०१५ ला सुरू झाली, त्यानंतर थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणांची रेलचेल झाली. काही धंद्यांना ते चालतही असेल. वेल्डरला चालत नाही. ज्याला सपाट पत्रा जोडता येतो, त्याला उभा जोड येतोच असे नाही. डोक्यावरचा जोड तर त्याहून अवघड, वितळलेला धातू खाली गळू पाहतो. आणि तिरक्या धरलेल्या नळीला चारी बाजूंनी फिरून जोडणे ही या विद्येतली शेवटची पायरी. तिथवर जायला हाताला काळ द्यावा लागतो.

मोहल्ल्यातल्या, बाजारातल्या दुकानांत उस्तादाच्या हाताखाली शिकलेले कितीतरी जण असे आहेत, ज्यांच्या हाताला कला आहे आणि कागद नाही. कारखाना, कारागीर, उस्ताद, शागीर्द हे शब्द फारसीतून आले, अवजार अरबीतून आणि मिस्त्री पोर्तुगिजांकडून. एवढ्या वाटांनी आलेली ही विद्या कागदावाचून अडते आणि कारखान्याच्या फाटकातून परत फिरते. अशा लोकांच्या आधीच्या शिक्षणाची दखल घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. कल्पना उत्तम. फक्त तिच्यात दोन दिवसांच्या वर्गाऐवजी वाकवलेली पट्टी असावी, असे मला वाटते. उस्तादांकडे नसते ते सुरक्षेचे शिक्षण. काळी काच न लावता डोळे किलकिले करून टाका मारणारी पोरे रस्त्याकडेला दिसतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, मग बटाट्याचे काप ठेवतात. ते डोळ्याच्या बुबुळाचे भाजणे असते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप बंद खोलीत जोडला तर त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि घरचे हिवताप समजतात. आयटीआयमध्ये हे पहिल्या आठवड्यात सांगतात. चकाची चावी चकात ठेवून लेथ सुरू करू नये, लेथवर हातमोजे घालू नयेत, बाही सैल नको, ओढणी नको.

ओढणी म्हटली म्हणून सांगतो, महाराष्ट्रात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. वेल्डिंगला ताकदीपेक्षा स्थिर हात लागतो. तरी घरचे त्यांना शिवणकामाकडेच वळवतात. संधाताचे स्त्रीलिंग संधात्री होते आणि शब्द चांगला आहे. पाटीवर यायला हरकत नाही.

आयटीआयनंतरची पायरी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांवर ती जबाबदारी आली. इथे नशीब ठरते. चांगल्या कारखान्यात पोरगा खऱ्या कामावर उभा राहतो, वाईट ठिकाणी वर्षभर माल उचलतो आणि झाडू मारतो. कागद दोघांनाही मिळतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, तेव्हापासून जिल्ह्यातल्या आई-बापांना फाटकाच्या आतही काय चालते हे विचारावेसे वाटू लागले असेल, तर ते योग्यच आहे.

प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरले जातात. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, जी संस्था जवळ पडेल तिथे अर्जाआधी एकदा स्वतः जाऊन या. इमारत पाहू नका, रंग नवा असतो. लेथखालचा ट्रे पाहा. त्यात लोखंडाचा किस निळसर, चमकता, तेलकट दिसला तर यंत्र चालते. गंजून गोळा झाला असेल तर ते फक्त पुसले जाते. वेल्डिंगच्या खोलीत जळक्या रॉडच्या थोटकांचा डबा कुठे आहे ते विचारा, आणि तो किती दिवसांनी भरतो तेही.