शेजारच्या खाटेवरची आई

जानेवारीतली गोष्ट. आमच्या प्रसूती विभागात दोन बाळंतिणी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, दुसरी मराठवाड्यातून टोळीबरोबर आलेली ऊसतोड मजूर. दोघींची बाळंतपणे एकाच रात्री, एकाच सिस्टरच्या हाताखाली झाली. औषधे, रक्ताच्या तपासण्या, जेवण दोघींनाही मोफत मिळाले. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात तो प्रत्येक बाळंतिणीचा हक्क आहे, आणि सरकारी दवाखान्यात तीस वर्षे काढलेली डॉक्टर म्हणून मला त्याचे अप्रूप अजून वाटते. शिक्षिकेचे बाळ २ किलो ९०० ग्रॅमचे, दुसरीचे २ किलो १०० ग्रॅमचे. अडीच किलोच्या खालचे बाळ आम्ही कमी वजनाचे धरतो. आईचे हिमोग्लोबिन ८.२ होते. ऑक्टोबरच्या अखेरीस गाव सोडल्यापासून तिची एकही तपासणी झाली नव्हती.

नैसर्गिक बाळंतपणानंतर किमान ४८ तास आई-बाळाने दवाखान्यात राहावे असा दंडक आहे. एवढ्या लहान बाळाला तर आम्ही आणखी ठेवून घेतो. पण ही बाई तिसाव्या तासालाच कागदावर अंगठा उठवून निघाली. नवरा दाराशी उभा होता, बाहेर ट्रॅक्टर थांबला होता. जाताना मी नेहमीचे सांगितले. दर दोन तासांनी अंगावर पाज, रात्रीसुद्धा. सहा महिने दुसरे काही देऊ नकोस, पाणीही नको. बाळाला छातीशी धरून ऊब दे. ती ‘हो म्याडम’ म्हणाली.

अठराव्या दिवशी ती परत आली. अंगात ताप, डावा स्तन लालबुंद, दगडासारखा घट्ट आणि आत पू झालेला. बाळ १ किलो ९०० ग्रॅमवर आले होते. अठराव्या दिवशी ते जन्माच्या वजनाच्या पुढे गेलेले असायला हवे होते. माझा पहिला शब्द रागाचाच निघाला. ‘सांगितलं होतं ना, दर दोन तासांनी पाज म्हणून?’

तिने शांतपणे उत्तर दिले. ‘म्याडम, पाजायला कोपीवर येते, पण मग मोळ्या कोण बांधील? गाडी भरली नाही तर मुकादम खाडा धरतो.’

मला खाडा म्हणजे काय ते माहीत होते, कोपी कशी असते तेही माहीत होते. साखर कारखान्यांच्या मुलुखात नोकरी करते मी. पण माझा दोन तासांचा सल्ला आणि तिचा दिवस या दोन गोष्टी मी कधी शेजारी मांडून पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी तिच्या खाटेवर बसून पाहिल्या.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधीच उचल घेतलेली, ती फेडायची ऊस तोडून. पहाटे चारला फडावर जायचे. तोडायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत चढवायच्या. हे डोक्यावरचे काम बहुतेक बाईचेच. गाडी कधी भरेल ते उसावर अवलंबून. पहिले चार दिवस तिने बाळ फडात नेले, गाडीखाली पाचटावर निजवले. थंडी होती, साप निघाला, म्हणून मग ते कोपीत नऊ वर्षांच्या बहिणीजवळ ठेवले. पहाटेचे पाजले की पुढचे दुपारी उशिरा. मधल्या वेळात बहीण बाटलीतून गाईचे दूध देई, निम्मे पाणी घालून, कारण ‘नुसतं दूध जड पडतं’ असे कोणीतरी सांगितले होते.

आता यात शरीराचे काय होते ते पाहू. दूध तयार होणे हे मागणीवर चालते. बाळ ओढते, तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते, ज्याला आपल्या आज्या पान्हा फुटणे म्हणत. स्तन रिकामा झाला की नवे दूध लवकर तयार होते. तो तासन्‌तास भरलेला राहिला की शरीर समजते, एवढ्या दुधाची गरज नाही, आणि उत्पादन कमी करते. म्हणजे आठ तासांचा खंड रोज पडला तर आईचे दूध ‘आटते’, आणि मग घरचे म्हणतात की हिला दूधच कमी. त्याआधी दूध दाटते, गाठी होतात, निप्पलला चीर असेल तर तिथून जंतू शिरतात आणि गळू होते. तिच्या बाबतीत हे सगळे क्रमाने घडले होते. दूध कमी नव्हते, ते काढून घेणारे जवळ नव्हते.

बाळाच्या बाजूने पाहिले तर पहिल्या दिवशी त्याच्या जठरात जेमतेम चमचाभर दूध मावते. म्हणूनच त्याला थोडे थोडे, पुन्हा पुन्हा लागते. त्याच्या पोटात निम्म्या पाण्याचे दूध आणि नीट न धुतलेली बाटली गेली की वजन घटणारच. जुलाब लागले नव्हते, एवढे नशीब.

शिक्षिकेची बाळंतीण-खोली माहेरी तयार होती. तिला १८० दिवसांची पगारी रजा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी. तिलाही सुरुवातीला पाजणे जमत नव्हते, बाळ नीट धरत नव्हते. तिची आई दोनदा तिला आमच्या सिस्टरकडे घेऊन आली आणि आठवड्यात गाडी रुळावर आली. दुसरीच्या आणि तिच्या शरीरात काहीच फरक नव्हता. फरक सव्वा महिन्याचा होता, जो एकीला मिळाला आणि दुसरीला नाही.

स्तनपानाबद्दल लिहिताना आपण डॉक्टर मंडळी फार वेळा ‘जनजागृती’ हा शब्द वापरतो. जणू आईला कळत नाही म्हणून ती पाजत नाही. काही ठिकाणी ते खरे आहे. पहिला घट्ट पिवळा चीक खराब समजून पिळून टाकणारी घरे अजून आहेत, बाळाच्या जिभेवर मध किंवा गुळाचे पाणी ठेवणारी आहेत. त्यांना सांगावेच लागते. पण तिसरे मूल असलेल्या या बाईला मी शिकवण्यासारखे फारसे काही नव्हते. तिला वेळ हवा होता, आणि तो माझ्या औषधपेटीत नव्हता.

आणि शिकवण्याचेच म्हणाल, तर आधी आम्हीच शिकायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले ४१.८ टक्केच. म्हणजे आई आमच्या ताब्यात, बाळ आमच्या ताब्यात, आणि तरी निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास वाया जातो. कसा, ते मी माझ्याच लेबर रूममध्ये वर्षानुवर्षे पाहिले आहे. बाळ पुसून वॉर्मरखाली जाते, वजन होते, दुपट्यात गुंडाळून बाहेर नातेवाइकांना दाखवायला नेले जाते, आणि टाके घालून होईपर्यंत आईला त्याचे तोंडही नीट दिसत नाही. सिझेरियन असेल तर आणखी उशीर. खरे तर बाळ रडले, श्वास नीट असला की त्याला थेट आईच्या उघड्या छातीवर ठेवता येते. सिझेरियनमध्ये कमरेत इंजेक्शन दिलेली आई जागीच असते, तिलाही हे जमते. यासाठी ना यंत्र लागते ना निधी. आम्ही हे सुरू केले तेव्हा सगळ्यात जास्त विरोध बाहेर पेढे घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांचा झाला, हेही सांगून टाकते.

माता आरोग्यात महाराष्ट्राचे आकडे चांगले आहेत. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ मातामृत्यू होते, तर महाराष्ट्रात ३३. यामागे खूप लोकांचे कष्ट आहेत. पण सरासरी ही चीज अशी की तिच्यात शिक्षिकाही असते आणि ऊसतोड करणारीही, आणि दोघी मिळून एकच आकडा होतो.

कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर चित्र आणखी चमत्कारिक दिसते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्याच कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुटी दिली. अगदी नेमकी, वैद्यकशास्त्राला धरून असलेली तरतूद. पण ती लागू होण्यासाठी आधी कोणीतरी मालक असावा लागतो. फडातल्या बाईचा मालक कोण? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा लाभ सांगितला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या मुलाला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. माझ्या रुग्णाचे हे तिसरे. शिवाय तिचे बँक पासबुक गावाकडे पेटीत होते.

तिसरी गळती नोंदीत आहे. आपल्याकडे घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली. तिथे गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिल्यावर नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्याच धर्तीवर आज देशभर आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते. बाळाचे वजन घेते, आई पाजते कशी ते बघते, छातीत गाठ असेल तर ओळखते. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अशी कोणी त्या कोपीत डोकावली असती तर गळू झालेच नसते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकते. पण गावच्या आशाच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ आणि इथल्या आशाच्या यादीत ती नाहीच. टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या फडावर गेली की इथला पत्ताही बदलतो. आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाने एकदा बाळंतिणीला घरी सोडायच्या नोंदवहीत पत्ता लिहिला होता: ‘कॅनॉलच्या पुलापलीकडे, ऊस संपेपर्यंत’.

एसटी स्थानकांत आणि कार्यालयांत आपण हिरकणी कक्ष काढले, चांगले केले. (मी पाहिलेल्या एका कक्षात झाडू आणि बादल्या होत्या, ते सोडा.) हिरकणीची गोष्ट आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, खाली तान्हे बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरली. मला अलीकडे त्या दरवाजांचा विचार जास्त येतो. फडात आडोसा म्हणून चार बांबू आणि एक ताडपत्री, पिण्याचे पाणी, टोळीतली एक वयस्कर बाई रोजंदारीवर बाळांजवळ, आणि पाजण्याच्या वेळेचा खाडा नाही, एवढे कारखान्याने मुकादमाच्या करारात घातले तर त्याचा साखरेच्या पोत्यामागे पडणारा खर्च शोधावा लागेल. हंगामाच्या सुरुवातीलाच टोळीतल्या गरोदर आणि स्तनदा बायकांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला देणे, हा तर एका कागदाचा मामला आहे.

त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगते. सुईने पू काढला, प्रतिजैविके दिली. गळू झाले की पाजणे बंद करायचे हा समज चुकीचा आहे. दूध साचू दिले तर दुखणे वाढते. दुसऱ्या बाजूने बाळ पीत राहिले, दुखऱ्या बाजूचे हाताने काढले. हे हाताने काढणे आमच्या सिस्टर फार छान शिकवतात. अंगठा आणि बोटे काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे मागे दाबायचे, मग एकमेकांकडे. निप्पल ओढायचे नाही. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून सावलीत ठेवलेले दूध त्या थंडीत चार तास सहज टिकते. बाटली फेकून दिली आणि वाटी-चमचा आणला. एका आजींनी स्वतःहून घरातले जुने बोंडले आणून दिले. स्तनदा आईला रोज सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन भाकऱ्या आणि वर डाळ, शेंगदाण्याचा लाडू. दवाखान्यात नऊ दिवस ते मिळाले. बाळ जवळ, आई जवळ, दुसरे काम नाही. नवव्या दिवशी वजन २ किलो १५० ग्रॅम.

नवव्या दिवशी मी मुकादमालाही बोलावून घेतले. तो वाईट माणूस नव्हता, त्याचीही वर उचल होती. बराच वेळ हिशेब सांगून शेवटी म्हणाला, सकाळी दहाला आणि एकला येऊ द्या तिला कोपीवर, खाडा धरत नाही, पण बाकीच्या बायांना सांगू नका.

एप्रिलमध्ये टोळी गावाकडे निघाली तेव्हा ट्रॅक्टर दवाखान्यापाशी थांबवून ती बाळ दाखवायला आली. ३ किलो ७०० ग्रॅम. मी तिच्या कार्डावरच्या नंबरवरून गावच्या आशाताईला फोन लावला. ती म्हणाली, ‘सहाव्या महिन्यापर्यंत नोंद हाय माझ्याकडं, पुढं कोरं हाय. बाळाचं नाव काय लिहू?’ मी फोन आईकडे दिला. बारसे गावी गेल्यावर करायचे होते, नाव अजून ठरले नव्हते. आशाताईने वजन तेवढे लिहून घेतले आणि सोमवारी घरी येते म्हणाली.