एका आमदाराचं वजन

धारवाडच्या सप्तापूरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसची दाटी आहे. उत्तर कर्नाटकातली मुलं-मुली इथे खोल्या घेऊन राहतात आणि राज्यघटना पाठ करतात. कलम ५५ शी आलं की एक आकडा समोर येतो : १३१. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत कर्नाटकातल्या एका आमदाराच्या मताचं हे मूल्य.

राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, मग हजाराने. २,९२,९९,०१४ भागिले २२४, भागिले १०००. उत्तर १३०.८, म्हणजे १३१. हिशेब चोख आहे. पण कर्नाटकात तीन कोटींहून कमी माणसं? २०११ मध्येच ती सहा कोटी दहा लाख होती! हा आकडा १९७१ च्या जनगणनेचा आहे. तेव्हा राज्याला कर्नाटक हे नावसुद्धा मिळालं नव्हतं. ते म्हैसूर होतं.

१८ जुलै २०२२ ला बेंगळुरूच्या विधानसौधात आमदारांनी गुलाबी मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहिले आणि द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. त्या प्रत्येक मताचं वजन ५१ वर्षांपूर्वीच्या गर्दीने ठरवलं होतं. तिच्यातली कितीतरी माणसं केव्हाच गेली, तरी हिशेबात अजून हजर. आणि कलम ५५ घोकणारी ही सप्तापूरची पोरं हिशेबात नाहीतच. आपल्या घटनेत इतकं भुताटकीचं गणित दुसरं नसावं.

यात विसरभोळेपणा मात्र नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे आकडे मुद्दाम गोठवले. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचं राजकीय वजन घटू नये, हा त्यामागचा हेतू. मुदत संपत आली तेव्हा ८४ व्या दुरुस्तीने ती पुढे ढकलली : २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत.

बर्फ वितळला तर? २०११ चे आकडे घालून पाहा, गंमत कळते. आज तामिळनाडूचा आमदार १७६ आणि बिहारचा १७३. नव्या हिशेबात तामिळनाडू ३०८ वर थांबतं, बिहार ४२८ वर जातं. केरळचा १५२ चा आमदार आज कर्नाटकाच्या पुढे आहे. तो २३९ होईल आणि आपला २७३. महाराष्ट्र १७५ वरून ३९०, उत्तर प्रदेश २०८ वरून ४९६. म्हणजे धारवाडच्या आमदाराचा आकडा दुपटीहून वाढतो आणि तरी देशाच्या तराजूत तो थोडा हलकाच होतो, कारण इतर काहींची वाढ त्याच्याहून मोठी आहे.

अमेरिकेत हा हिशेब दर दहा वर्षांनी नव्याने मांडतात. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्सासची निर्वाचक मतं ३८ ची ४० झाली, न्यूयॉर्कची २९ ची २८. तिथे माणसं राज्य बदलतात आणि राष्ट्राध्यक्षपदाची गणितं त्यांच्यामागे सरकतात.

आपल्याकडच्या नव्या जनगणनेचा संदर्भदिवस आहे १ मार्च २०२७. मुर्मूंची मुदत संपते त्याच वर्षी जुलैत. आधी आकडे येतात की आधी मतपेटी, यावर १३१ चं आयुष्य अवलंबून आहे.