रकमेचा रकाना आणि न थकणारा तपासनीस

घाऊक कापडाची ऑर्डर असो, औषधांच्या दुकानाचे बिल असो, वा तीर्थक्षेत्रावरील धर्मशाळेत खोली राखून ठेवणे असो, आज पडद्यावर कोठे ना कोठे एक छोटासा चौकोन येतो आणि त्यात रक्कम लिहावी लागते. त्याखाली एक बटण असते. ते दाबले की पैसे जातात. आपल्या घरांतील अनेक मुले-मुली पुण्याला वा बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. ‘सध्या कंपोनंटच्या टेस्ट लिहिते आहे’ असे एखादी सून सांगते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने मान डोलावतात आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः हा विषय पेढीवर बसणाऱ्या माणसाला फार लवकर उमगावा असा आहे, कारण तो मुळात तपासणीचा आहे.

कंपोनंट म्हणजे संकेतस्थळाचा सुटा भाग: रकमेचा रकाना, तारखेची चौकट, ‘पैसे भरा’ हे बटण. पूर्वी प्रत्येक पानासाठी हे भाग बहुधा नव्याने लिहिले जात. फेसबुकने 2013 साली ‘रिॲक्ट’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि त्यानंतर एकदा घडवलेला भाग हवा तेथे बसवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. यात श्रम वाचतात हे उघड आहे. मात्र रकान्यात एक दोष राहिला, तर तो बिलात, देणगीच्या पावतीत, मालाच्या परतीच्या नोंदीत असा सर्वत्र एकाच वेळी उमटतो. उलट बाजूही तितकीच खरी: दुरुस्ती एका ठिकाणी केली की ती सर्वत्र पोहोचते. पाणी प्रत्येक पेल्यात गाळत बसत नाहीत, हंड्याच्या तोंडाशीच फडके बांधतात, हे आपल्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही.

हे फडके म्हणजे स्वयंचलित चाचणी. तिच्यात गूढ काही नाही. मूळ कोडच्या शेजारी आणखी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. तो रकाना मांडतो, त्यात ठरलेला मजकूर भरतो, बटण दाबतो, आणि पडद्यावर जे दिसायला हवे ते दिसते का, एवढे पाहतो. कोडमध्ये कोणीही एक ओळ बदलली तरी अशा शेकडो चाचण्या काही मिनिटांत पुन्हा चालतात. माणूस दहा वेळा तपासून अकराव्या वेळी ‘ठीक असेल’ म्हणतो, यंत्र मात्र हजाराव्या वेळीही पहिल्याइतकेच नेमाने तपासते.

आता रकमेच्या रकान्याला विचारायचे प्रश्न पाहू. 100000 लिहिले तर 1,00,000 असे दिसते का, की परदेशी पद्धतीने 100,000 असे? ब्राउझरमध्ये भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते. एखाद्या ज्येष्ठ ग्राहकाने मराठी कळफलकावरून ‘१००’ असे देवनागरी अंक लिहिले तर? संकेतस्थळांची जी भाषा, त्या जावास्क्रिप्टला हे अंक संख्या म्हणून आपोआप कळत नाहीत. रकाना त्यांचे रूपांतर करतो, सौम्य शब्दांत सूचना देतो, की मुकाट्याने रक्कम शून्य धरतो? रकाना रिकामा ठेवला तर? वजा चिन्ह टाकले तर?

पैशांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. जावास्क्रिप्टमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.3 येत नाही, 0.30000000000000004 येते. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि त्या पद्धतीत 0.1 पूर्णपणे मांडता येत नाही, हे त्याचे कारण. कोणी म्हणेल, सतराव्या स्थानावरच्या चाराची कसली चिंता? पण 1.005 ला 100 ने गुणले तर 100.5 यायला हवेत, तेथे 100.49999999999999 येतात. पूर्णांकात आणताना 101 ऐवजी 100 होतात आणि एक पैसा नाहीसा होतो. जीएसटीची आकारणी करताना असा एकेक पैसा हजारो बिलांत हरवला, तर वर्षअखेरीस खतावणीचा ताळा लागत नाही आणि कारणही सापडत नाही. म्हणून जाणकार प्रोग्रामर हिशेब रुपयांत न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात, आणि नेमक्या अशाच अडनिड्या संख्या चाचणीत घालतात.

बटणाला विचारायचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंटरनेट संथ आहे, ग्राहकाचा धीर सुटतो आणि तो बटण दोनदा दाबतो. अशा वेळी मागणी एकदाच गेली पाहिजे. चाचणी हे सहज करून पाहते: बटण लागोपाठ दोनदा दाबते आणि किती मागण्या बाहेर गेल्या ते मोजते. तसाच आयएफएससीचा रकाना. हा संकेतांक अकरा चिन्हांचा, पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहिणारे लोक बँकेच्या खिडकीवर मी असंख्य पाहिले आहेत. चांगला रकाना ही गल्लत ग्राहकाला तेथल्या तेथे दाखवतो, आणि तो ती दाखवतो की नाही याची हमी चाचणी देते.

या कामाची साधने बहुतांशी विनामूल्य आहेत. 2004 साली शिकागोत थॉटवर्क्स कंपनीतील जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ सुरू केले, तेही कर्मचाऱ्यांचा वेळ आणि खर्च नोंदवणाऱ्या प्रणालीच्या तपासणीसाठी. ते खऱ्या ब्राउझरला माणसाप्रमाणे हाताळते. मायक्रोसॉफ्टचे 2020 मधील ‘प्लेराइट’ त्याच वाटेवरचे. सुट्या भागांसाठी फेसबुकमध्ये जन्मलेले ‘जेस्ट’ आहे. त्याच्या जोडीला केंट डॉड्स यांनी 2018 मध्ये ‘टेस्टिंग लायब्ररी’ आणली, आणि तिच्यामागचा विचार मला विशेष पटतो. बटण कोडमध्ये कोणत्या नावाने ठेवले आहे हे ती शक्यतो पाहत नाही. वापरणाऱ्याला ते ज्या नावाने दिसते वा ऐकू येते, त्या नावाने ती ते शोधते. यातून एक गोष्ट सहज साधते. बटणाला नावच नसेल, केवळ एक चित्र असेल, तर चाचणीला ते या नावाने सापडत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबलेल्या दृष्टिहीन व्यक्तीलाही ते सापडणार नाही.

एक प्रकार मात्र सावधपणे वापरावा असा आहे. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. आज पडद्याची जी रचना आहे ती जतन करायची आणि उद्याच्या रचनेशी ताडून पाहायची. फरक आढळला की चाचणी हटकते. तो बदल हेतुपूर्वक केला असेल तर एका आज्ञेने नवी रचना मान्य करता येते. गोम इथेच आहे. घाईच्या दिवशी फरक न वाचता ती आज्ञा देण्याची सवय लागते. न वाचता व्हाउचरवर आद्याक्षरी करणारे अधिकारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

आणि सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, पुढे काय? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही. चुकीच्या खात्यात बरोबर रक्कम टाकली तरी तेरीज जुळते. याचे पडद्यावरील उदाहरण 11 ऑगस्ट 2020 रोजी अमेरिकेत घडले. सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरील सुमारे 78 लाख डॉलर व्याज सिटीबँकेने धनकोंना द्यायचे होते. गेले मुद्दलासह सुमारे 90 कोटी डॉलर. बँकेची प्रणाली होती ‘फ्लेक्सक्यूब’, जिचा जन्म मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीत झाला आणि जी पुढे ओरॅकलकडे गेली. मुद्दल बँकेच्या अंतर्गत खात्यातच ठेवायचे, तर पडद्यावरील तीन रकाने बदलावे लागत. बदलला गेला एकच. व्यवहार भरणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा अशा तिघांच्या नजरेखालून तो गेला. तिघांचीही समजूत एकच होती, की मुद्दल बाहेर जात नाही. सुमारे 50 कोटी डॉलर परत देण्यास काही धनकोंनी नकार दिला. 2021 च्या फेब्रुवारीत न्यायालयाचा निकाल बँकेच्या विरुद्ध लागला, आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये अपिलात तो फिरला.

येथे रकाना बिघडलेला नव्हता. त्याला जसे घडवले तसेच तो वागला. ‘खूण केली की ती नोंदली जाते का’ एवढेच विचारणारी चाचणी या पडद्याला निःशंक उत्तीर्ण ठरवील. विचारायचे होते ते असे: मंजुरीचे बटण खुले होण्यापूर्वी बँकेबाहेर जाणारी एकूण रक्कम पडद्यावर ठळक अंकांत आणि अक्षरांत दिसते का? हा प्रश्नही यंत्राला लिहून देता येतो, पण तो सुचावा लागतो अशा माणसाला, ज्याने कर्जखाते हाताळले आहे.

म्हणून पेढीसाठी बिलाचे वा ऑर्डरचे संकेतस्थळ करून घेताना केवळ रंग आणि चित्रे ठरवून मोकळे होऊ नये. चाचण्या लिहिणार का, त्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणार का, आणि एकदा सापडलेल्या दोषावर दुरुस्तीआधी चाचणी लिहिली जाणार का, हे करारापूर्वी विचारावे. काम थोडे महाग पडेल, वेळही लागेल. शिवाय आपल्या मुनिमांना सोबत बसवून गेल्या दोन वर्षांतील पंधरा-वीस अवघड बिले निवडावीत: 31 मार्चच्या रात्री फाडलेले, अर्धा माल परत आलेले, एकाच बिलात दोन दरांचा जीएसटी असलेले, सवलत देऊन पैशांवर अडलेले. त्या बिलांच्या प्रती, उत्तरे तांबड्या शाईने लिहून, प्रोग्रामरच्या हाती द्याव्यात.