चूक कुणाची? साडेसातीची?

शनी अमावास्येला शनिशिंगणापूरकडे गाड्यांची रीघ लागते. घोडेगाव फाट्यावर एखादी गाडी दुसरीला घासली, की भोवतीच्या गर्दीचा निकाल तयार! ‘बाई चालवत होती ना?’ नाहीतर ‘साडेसाती असेल!’ मैत्रिणींनो, विमा कंपनी यातलं काहीच मानत नाही. तिला पुरावा लागतो.

कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना. मग गाड्या हलवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून घ्या. दोन्ही नंबर, टायरच्या खुणा, रस्त्याची कड, सगळं दिसू दे. भांडण मिटावं म्हणून ‘चूक माझीच’ असं लिहून मात्र मुळीच देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, ही अट पॉलिसीतच असते. (ती बारीक अक्षरं वाचतं कोण म्हणा!) कुणी जखमी असेल तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायलाच हवं. कडी-कुलपाशिवाय राहणाऱ्या या गावातही २०१५ पासून पोलीस ठाणं आहे.

दोष दोघांचाही असू शकतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तो टक्क्यांत वाटतं आणि जखमीचा जेवढा दोष, तेवढी त्याची भरपाई कापली जाते. एप्रिल २०२२ पासून कायद्यानं या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा घरी आल्यावर कागद कपाटात टाकून ठेवू नका.