दुखतंय अंग, गोळी डिप्रेशनची?

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल!’ हे ऐकून खरं तर पेढे वाटायचे. पण माझ्या मैत्रिणीला रडूच कोसळलं. दोन वर्षं मान, पाठ, कंबर, मांड्या, काही ना काही ठणकतंय. आठ तास झोपूनही सकाळी कुणी बदडून काढल्यासारखं अंग. ऑफिसात टोमणे, ‘हिचं रोजचंच आहे!’ शेवटी तिसऱ्या डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. आणि लिहून दिली अॅमिट्रिप्टिलिन. नेटवर बघते तर चक्क डिप्रेशनची गोळी! ‘म्हणजे यांनाही वाटतं, सगळे माझ्या मनाचे खेळ,’ ती फणकारली. गोळ्या ड्रॉवरमध्ये.

गफलत होते ती इथेच. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे काही मार्ग वेदनेच्या संदेशांना ब्रेक लावतात. त्यासाठी सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन लागतं. फायब्रोमायल्जियात हा ब्रेक नीट लागत नाही, असं मानलं जातं. आणि या गोळ्या नेमकी हीच रसायनं वाढवतात. त्यासाठी तुम्ही उदास असायलाच हवं असं नाही. डोसच बघा ना! डिप्रेशनसाठी साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम, इथे सुरुवात बहुधा रात्री 10 किंवा 25ने.

अमेरिकेत या दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिनला 2008मध्ये आणि मिल्नासिप्रानला 2009मध्ये मान्यता मिळाली. गंमत म्हणजे मिल्नासिप्रान तिथे डिप्रेशनसाठी मंजूरच नाही! युरोपच्या औषध नियामकांनी मात्र दोन्हींना नकार दिला. फायदा फारच थोडा, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा जादूची कांडी समजू नका. काहींना छान आराम पडतो, बऱ्याच जणांना थोडाच, काहींना अजिबात नाही. फरक कळायला काही आठवडे जातात. तोंडाला कोरड, पेंग, मळमळ मात्र आधीच हजर! म्हणून कंटाळून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. दुसऱ्या कुणी ट्रामाडॉलसारखी पेनकिलर दिली असेल, तर तेही सांगा. आणि व्यायाम? 2016च्या युरोपीय शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो फक्त त्यालाच. हो, दुखत असतानाच! दहा मिनिटं चालण्यापासून सुरू करा.

मैत्रिणीने महिन्याभराने ड्रॉवर उघडला. दुखणं गेलेलं नाही. पण झोप लागते, आणि ऑफिसचे दोन मजले ती जिन्याने चढते. तिसऱ्याला अजून लिफ्ट.